बैठे काम आणि शरीराची निगा



वर्धापनदिनाला दरसाल कोणी ना कोणी बाहेरचे पाहुणे येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या घरात जे पाहिले, डॉक्टरीणबाईंना विचारून जे समजले आणि धाकट्या जाऊबाईंनी वाचून जे दाखविले, तेवढेच सांगणार आहे. विषय आहे बैठ्या कामाचा. म्हणजे टेबलाशी, कॉम्प्युटरपुढे, शिवणाच्या मशीनवर तासन् तास बसून करावयाच्या कामाचा.

यात सांगण्यासारखे काय आहे, असे काहीजणींना वाटेल. शेतात राबणारीचे कष्ट दिसतात, डोक्यावर हंडा वाहणारीचे दिसतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे कष्ट कोणाला दिसणार? पण ही काही आजकालची नाजूक दुखणी नव्हेत. इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. कोणत्या धंद्यातल्या माणसाला कोणता रोग होतो, यावर त्यांनी १७०० साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांवर एक वेगळे प्रकरण आहे. या लोकांच्या दुखण्यांची तीन कारणे त्यांनी दिली : सतत बसून राहणे, हात सारखा एकाच रीतीने चालत राहणे, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तेव्हा लिहायला पिसाची लेखणी होती. आज कॉम्प्युटर आला, पण तीन कारणांतले एकही गेलेले नाही.

आता आमच्या घरची हकीकत सांगते. जाऊबाईंच्या परवानगीने सांगते आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्याच आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा त्यांच्या कचेरीचे काम घरी आले. आता आठवड्यातून दोन दिवस त्यांना ऐरोलीला जावे लागते, बाकीचे दिवस घरून. काम हिशेबाचे, नऊ तास तर नक्कीच, महिनाअखेरीला अकराही होतात. सुरुवातीला त्या पलंगावर बसून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप अशा काम करीत. पुढे जेवणाच्या टेबलाशी बसू लागल्या. दोन वर्षांनी मान धरू लागली. संध्याकाळी डोके दुखे, डोळ्यांची आग होई. मग उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री मुंग्या येऊन बधिर होऊ लागली. झोपेतून उठून हात झटकीत बसत. एके रात्री मला म्हणाल्या, "वहिनी, मी ही नोकरी सोडते. हात गेला तर पुढे काय करू?"

नोकरी सोडणे बोलायला सोपे आहे. घराचे हप्ते दोघांच्या पगारावर चालतात. आणि त्या नोकरीसाठी त्यांनी किती परीक्षा दिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मी म्हटले, "आधी डॉक्टरांकडे जाऊ, मग ठरवू."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की, मनगटातून जाणारी एक शीर दाबली जाते आहे. मनगट मुडपून, टेबलाच्या कडेवर टेकून काम केल्याने ते वाढते. रात्री मनगटाला बांधायला एक पट्टा दिला आणि रक्त तपासायला सांगितले. मग विचारले, "एका बैठकीत तुम्ही किती वेळ बसता?" जाऊबाईंना सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवले. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बसल्या, त्या सव्वा वाजता पहिल्यांदा उठल्या. चार तास पाच मिनिटे! एवढ्या वेळात पाणी प्यायल्या एक पेला. उठल्या त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या, पोळ्या लाटल्या, दहा मिनिटांत जेवल्या आणि पुन्हा जाऊन बसल्या.

ते पान मी सासूबाईंना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "अगं, ती दिवसभर बसूनच तर असते! बसून का कोणी दमतं?"

भगिनींनो, हेच वाक्य आपल्यापैकी किती घरांत बोलले जाते! म्हणून मी थोडे सविस्तर सांगते. माणूस बसला की पोटऱ्यांचे स्नायू काम करीत नाहीत. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम हेच स्नायू करतात. ते स्वस्थ बसले की रक्त खाली साचते, पाय जड होतात, घोट्यांना सूज येते. आपले डोके चार-पाच किलो वजनाचे असते. ते मानेवर सरळ तोललेले असेल तर भार वाटत नाही. पुढे वाकवले की तेच मानेच्या स्नायूंना ओढून धरावे लागते. पाच किलो पिठाचा डबा छातीशी धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा, म्हणजे कळेल. अशा बसण्यात माणूस हालत नाही, पण दमतो नक्की.

लंडनमधली एक हकीकत जाऊबाईंनी वाचून दाखविली, ती सासूबाईंनाही पटली. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वर-खाली करणारा. कंपनी एक, गाडी एक. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त आढळला. तीन वर्षांनी त्याच मंडळींनी नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा असे दिसले की, ड्रायव्हर लोक मुळातच कमरेने जाड असत. म्हणजे सगळा दोष बसण्याचा नव्हे. मला ही गोष्ट आवडली. आपलेच म्हणणे पुन्हा तपासून पाहणारा माणूस विश्वासाचा वाटतो. पण पुढे इतर पुष्कळ अभ्यासांतूनही, फार बसणे हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला वाईट, हेच निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत तर बसण्याचा वेळ कमी करा, असे मोठ्या माणसांना स्पष्ट सांगितले आहे.

मग काय, उभ्याने काम करावे? हल्ली तशी उंच टेबलेही निघाली आहेत आणि ती बरीच महाग असतात. ओट्यापाशी चार-चार तास उभ्या राहणाऱ्या आपण बायका याचे उत्तर कोणालाही देऊ. सारखे उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, कंबर धरते. खरे पाहता शरीराला ना बसणे नको आहे, ना उभे राहणे. त्याला एकाच ठरावीक स्थितीत कोंबून ठेवणे नको आहे. थोडे बसावे, थोडे उठावे, चार पावले चालावे, पुन्हा बसावे. फार भारी खुर्ची आणली आणि तिच्यातून चार तास उठलेच नाही, तर त्या खुर्चीचा उपयोग काय?

तरीपण बसण्याची जागा मुळीच न पाहता भागत नाही. आमच्याकडे आम्ही काय केले ते सांगते. जेवणाचे टेबल जाऊबाईंच्या उंचीला जास्त होते, त्यामुळे खांदे वर उचलून काम करावे लागे. खुर्चीवर जुनी सतरंजी घडी करून घातली. त्यामुळे कोपर टेबलाच्या पातळीला आले. पण पाय लोंबकळू लागले, म्हणून पायांखाली जेवायचा पाट दिला. कमरेमागे टॉवेलची वळकटी. लॅपटॉपची गोम अशी आहे की, त्याचा पडदा आणि अक्षरांच्या कळा एकत्र जोडलेल्या. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर जातात. हात नीट ठेवावे तर मान खाली जाते. म्हणून लॅपटॉप एका उंच खोक्यावर ठेवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हात लांब केल्यावर पोचेल इतके. खाली वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडला. खर्च झाला तो एवढाच. मनगट सरळ राहील आणि टेबलाच्या कडेवर घासणार नाही, हे सांभाळावयाचे. पलंगावर बसून काम करणे पार बंद केले. खिडकी पाठीमागे होती, तिचा उजेड पडद्यावर चमके. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली.

हे सगळे एका रविवारी झाले. उठण्याचे मात्र एका रविवारी होईना. काम अंगावर असले की माणसाला वेळेचे भान राहत नाही. त्यावर जाऊबाईंनीच एक युक्ती शोधून काढली. इटलीतच फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी होता. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. अभ्यासात त्याचे लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ आणून पुढे ठेवले. पंचवीस मिनिटे काम, मग पाच मिनिटे विश्रांती. ही पद्धत पुढे टोमॅटोच्याच नावाने जगभर गेली. आमच्याकडे टोमॅटोचे घड्याळ नाही, मोबाइलचाच गजर लावतो. जाऊबाईंना पंचवीस मिनिटे फार थोडी वाटली, हिशेबाची साखळी तुटते म्हणाल्या. त्यांनी चाळीस मिनिटे ठरविली. ज्याने त्याने आपल्या कामाला सोसेल ते ठरवावे. पण तासाच्या पलीकडे जाऊ नये.

आता कचेरीवाले म्हणतील, असे सारखे उठले तर काम कसे होणार? माझा स्वतःचा अनुभव शिवणाचा आहे. मी ब्लाउज शिवते, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत सहा-सात तास मशीनवर जातात. पूर्वी मशीन पायाचे होते, निदान पोटऱ्या हालत. मोटर बसविल्यापासून पाय नुसते टेकलेले असतात. म्हणून इस्त्री मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवली आहे. बाही जोडली की उठावयाचे, शिवण दाबून आणावयाची, मग गळा. सलग बसले की शेवटच्या तासात बाही उलटी लागते, टाके उसवत बसावे लागते, आणि उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ जातो. जाऊबाईंचेही तेच. दुपारी चारनंतर आकडे चुकत, ते शोधण्यात रात्र होई. आता चुका कमी होतात आणि बहुतेक दिवस त्या साडेसहाला टेबलावरून उठतात.

इथे मला सासवा-सुना दोघींशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. घरून काम करणारी सून पाच मिनिटे उठली की आपण काय करतो? "उठलीच आहेस तर तेवढा कुकर लाव. तेवढी कणीक मळ. तेवढी लसूण सोलून दे." ते पाच मिनिटांचे उठणे चार कामांत जाते, आणि जीव घाईला येऊन ती पुन्हा बसते. ती तिची विश्रांती आहे, तिच्यावर आपला हक्क नाही. आमच्या घरी आता असे ठरले आहे की, जाऊबाईंच्या कामाच्या तासांत त्यांना स्वयंपाकाचे काही सांगावयाचे नाही. दुपारच्या पोळ्या मी करते, रात्रीचा स्वयंपाक त्या आणि दीर मिळून करतात. दीरांच्या पोळ्यांना अजून आकार नाही, पण पोटात गेल्यावर कोण पाहतो?

मात्र घरातली सगळीच कामे वाईट, असेही नाही. दोरीवर कपडे वाळत घालणे हे टेबलाशी बसणाऱ्याला औषध आहे. हात वर जातात, खांदे मोकळे होतात, छाती उघडते. कुंड्यांना पाणी घालणे, खालून दूध आणणे, गच्चीवर जाऊन पापड पालथे करणे, ही बरी कामे. मेथी निवडायला बसणे मात्र नको. त्यात पुन्हा बसणे आणि पुन्हा मान खाली. जाऊबाई स्वतःहून कपड्यांची बादली उचलतात, ते मी त्यांना करू देते. आणि कचेरीचे फोन त्या आता गॅलरीत चालत चालत घेतात.

पाण्याची गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो, पण आपण सगळ्या बायकाच आहोत. उठावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे, या दोन सवयी काम करणाऱ्या बायकांत फार. त्यातून लघवीची जळजळ, ताप, पुढे मूत्रपिंडापर्यंत त्रास जातो. जाऊबाई मोठी बाटली शेजारी ठेवीत नाहीत. लहान तांब्या ठेवतात. तो संपला की भरायला उठावेच लागते.

डोळ्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी एक सोपा नियम सांगितला : दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. पडद्याकडे पाहताना आपल्या पापण्या नेहमीपेक्षा कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून आग होते. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आमच्या खिडकीतून दिसते, तिच्याकडे पाहतात. चाळिशी लागली असेल तर चष्म्याची लाज धरू नये. अक्षर दिसावे म्हणून मान पुढे काढून बसण्यातच निम्मी मान दुखते.

रक्ताचा अहवाल आला, त्यात हिमोग्लोबिन कमी निघाले. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर केलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय आढळला होता. दुपारी येणारी पेंग, कामाचा कंटाळा, धाप, याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. थायरॉइडनेही असे होते. तपासून घ्यावे. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. दुपारचे जेवण टेबलावर लॅपटॉपशेजारी तर मुळीच नको.

आणि शतपावली! आपल्या आज्या जेवण झाल्यावर शंभर पावले घालायला लावीत. आता डॉक्टरही सांगतात की, जेवणानंतर थोडे चालले तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. आपल्या देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रोगी आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा मिनिटे गॅलरीत फेऱ्या मारायला काही खर्च नाही.

याखेरीज आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे तरी अंग थोडे गरम होईल असा व्यायाम हवा, झपझप चालण्यासारखा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही हवा. सूर्यनमस्कार तर आपल्या मातीतलेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून त्यांचा प्रसार केला आणि त्यांच्यावर पुस्तकेही लिहिली. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी विचारून करावेत. मंगळागौरीचे खेळ आपण वर्षातून एकदा खेळतो आणि दुसऱ्या दिवशी अंग धरून बसतो. ते खेळ दर आठवड्याला खेळले तर अंग धरणार नाही. फुगडीने घाम येत नाही, असे म्हणणारीने मला भेटावे.

काही दुखणी मात्र उठबशीवर आणि व्यायामावर सोडू नयेत. बोटांचा बधिरपणा जात नसेल किंवा हातातून वस्तू पडू लागल्या असतील. कंबरेतून कळ पायात उतरत असेल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली असेल. चालताना छातीत दडपत असेल. तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. पोटरीच्या सुजेत रक्ताची गाठ असू शकते. तिथे मालीश करीत बसू नये.

जाऊबाईंचा हात पूर्ण बरा झाला, असे मी म्हणणार नाही. महिनाअखेरीच्या दिवसांत अजून मुंग्या येतात आणि पट्टा बांधावा लागतो. पण रात्रीची झोप परत आली आहे. नोकरी आहे, आणि गेल्या एप्रिलमध्ये त्यांना बढतीही मिळाली. सासूबाईंचे म्हणाल तर, "बसून का कोणी दमतं?" हे त्या अजून म्हणतात. मात्र चाळीस मिनिटांचा गजर झाला आणि सून उठली नाही, तर पहिली हाक त्यांचीच येते.

कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे, ती इथेही सांगते. मंडळाची खोली बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते पावणेआठ रिकामी असते. त्या वेळी बैठे काम करणाऱ्या मुली-सुनांनी आणि शिवणाच्या बायकांनी जमावे, थोडे सूर्यनमस्कार, थोडे झिम्मा-फुगडी असे करावे. वर्गणी नको, फक्त सतरंजी आपापली आणावी. नावे माझ्याकडे किंवा चिटणीसबाईंकडे द्यावीत. येत्या बुधवारपासून मी किल्ली घेऊन सात वाजता दारात आहे.